पिकअपच्या हेडलाइटचं वायरिंग: मंद दिवा, लुकलुकणारा निळा इंडिकेटर आणि पासिंगची तारीख

गाडी २०१७ची डिझेल पिकअप, १२ व्होल्टची, यंदा मार्चमध्ये सेकंड हँड घेतलेली. काम नारायणगावहून भाजी भरून रात्री माळशेजमार्गे कल्याण. आधीच्या मालकाने बाजारात मिळतं ते तयार रिले किट (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका), १००/९० वॅटचे बल्ब आणि बंपरवर दोन एलईडी बार लावून घेतले होते. उन्हाळ्यात सगळं ठीक चाललं. जूनच्या पहिल्या पावसात खोड्या सुरू झाल्या आणि पासिंगची (आरटीओच्या फिटनेस तपासणीची) मुदत होती २८ जुलै. गाडीला आठ वर्षं होईपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे हे जुगाड एकदा निस्तरून भागणार नव्हतं, नीटच करायला हवं होतं.

आधी लक्षणं कागदावर उतरवली. ही सवय लावून घ्या, कारण गॅरेजमध्ये ‘लाइट बरोबर लागत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरचा आधी बल्ब बदलतो, मग बॅटरी. आमची यादी अशी होती: डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळट, अप्परवर (लांबच्या झोतावर) तो फरक जास्त. गाडी खड्ड्यात आदळली की डावा क्षणभर जवळजवळ विझतो आणि नेमकं तेव्हा, डिपरवर (जवळच्या झोतावर) असतानाही, डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अंधुक लुकलुकतो. त्याच क्षणी उजव्या दिव्यात अप्परची फिलामेंट निखाऱ्यासारखी लाल दिसते. आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही.

१४ जूनला गॅरेजमध्ये दाखवली. बॅटरी बदला, साडेसहा हजार, असा सल्ला मिळाला. त्याआधी मल्टिमीटर लावून पाहिला. साधा डिजिटल मीटर तीन-चारशे रुपयांत येतो आणि पुढचं सगळं काम त्यावरच झालं. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट. इंजिन चालू, दिवे चालू, थोडी रेस दिल्यावर १४.१. उभ्या गाडीत १२.४च्या वर आणि चालू इंजिनवर १३.८ ते १४.४ मिळत असेल, तर बॅटरी-अल्टरनेटरच्या मागे लागायचं कारण नाही. साडेसहा हजार वाचले.

पुढे जाण्याआधी एच-४ बल्बबद्दल थोडं. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना हाच असतो. मागे तीन पाती: एक डिपरची, एक अप्परची, एक दोघांत सामाईक अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला एका बाजूला साधारण ५ अँपिअर आणि दोन्ही बाजूंचे मिळून १०. तेच १००/९० बसवले की दोन्ही मिळून १६-१७ अँपिअर. मूळ वायर आणि स्टिअरिंगचा खटका एवढ्यासाठी बनवलेलाच नसतो, म्हणून रिले किट लागतं. कल्पना बरोबर आहे. घोळ होतो तो किटमध्ये घातलेल्या मालात आणि बसवण्यात.

आता मुख्य तपासणी. यात बहुतेक जण चुकतात ते असं: बल्ब काढून होल्डरवर मीटर धरतात, १२ व्होल्ट दिसतात आणि वायरिंगला शंभर टक्के पास करून टाकतात. बल्ब काढला की करंटच वाहत नाही, मग गंजलेल्या सांध्यात किंवा एकाच शिल्लक तारेवरही पूर्ण व्होल्टेज दिसतं. कंटिन्युइटीचा बझर तर याहून भोळा, एक तार जुळलेली असली तरी वाजतो. मोजायचं ते बल्ब जागेवर, दिवे चालू आणि इंजिन चालू ठेवून. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा आणि प्रोब होल्डरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथे घालायचा.

अर्थची बाजू आधी घेतली, कारण बहुतेक वेळा चोर तिथेच असतो. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा बल्बच्या अर्थ पातीवर. उजवीकडे ०.१५ व्होल्ट. डावीकडे १.९. मीटरवर दिसलेले हे १.९ व्होल्ट बल्बला न मिळता अर्थच्या लगच्या (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) सांध्यात उष्णता होऊन जात होते. डावी अर्थ जिथे कसली होती तो बोल्ट उघडला, तर लग थेट रंगावर बसवलेली. रंग, त्यावर पावडर कोटिंगचा ब्रॅकेट, त्यावर लग. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जायचा तेवढाच जात होता. पावसात आट्या गंजल्या आणि तोही अडला.

निळ्या इंडिकेटरचं कोडंही इथेच सुटलं. या किटमध्ये डाव्या बल्बची अर्थ आणि दोन्ही रिलेंच्या कॉइलची (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) अर्थ एकाच लगवर आणलेली होती. खड्ड्यात लग सुटली की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॅटरीच्या मायनसकडे परतायला वाट उरत नाही. मग तो शेजारच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा निघतो, अप्परच्या वायरने उजव्या बल्बात जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडतो. तीन फिलामेंट एका ओळीत, प्रत्येकीच्या वाट्याला चारेक व्होल्ट, म्हणून त्या लाल. थोडा करंट अप्परच्या रिलेच्या कॉइलमधून मागे सरकून डॅशबोर्डच्या इंडिकेटरपर्यंत पोचतो, म्हणून तो लुकलुकतो. डिपरवर निळा दिवा अंधुक दिसला तर खटक्याला हात लावू नका, आधी अर्थ बघा. या एका खुणेवरून निम्म्या गाड्यांची दुरुस्ती होईल.

प्लसची बाजू मोजताना एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवायचा आणि दुसरा वाटेतल्या एकेका जागी सरकवत न्यायचा. फ्यूजनंतर ०.४५, रिलेच्या ३० नंबर पिनवर (जिथे करंट आत येतो) ०.५, ८७ नंबरवर (जिथून तो बल्बकडे जातो) ०.६२, डाव्या बल्बवर ०.९. आकडा जिथे उडी मारतो तिथे खराबी. पहिली उडी फ्यूज होल्डरमध्ये होती. दिवे दहा मिनिटं चालू ठेवल्यावर तो हाताला चांगलाच गरम लागत होता आणि आतलं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. त्यात ३० अँपिअरचा फ्यूज होता, म्हणजे वायर जळाली असती तरी फ्यूज उडाला नसता. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, त्याची क्षमता वायरीवरून ठरते. तो सारखा उडतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

शेवटची उडी वायरमध्येच होती. किटची वायर बाहेरून जाड, हातात भरेल अशी. इन्सुलेशन सोलून एक तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस कातडीखाली पांढरी: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दोनतृतीयांश क्षमतेची धरावी. शिवाय लगमध्ये दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सैल होतं आणि पाणी लागलं की पांढरी भुकटी धरतं. आमच्या डाव्या होल्डरमधून ती भुकटी अक्षरशः झटकून काढली.

हिशेब मांडला तर बॅटरीवरच्या १४.१ मधून अर्थचे १.९ आणि प्लसचे ०.९ गेले, डाव्या बल्बला मिळाले ११.३. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १३.२ व्होल्टला शंभर धरला तर ११.३ला साठाच्या आत. म्हणजे १००/९०चा बल्ब लावून उजेड धड ६०/५५ एवढाही पडत नव्हता, होल्डर आणि रिफ्लेक्टर मात्र जास्तीच्या उष्णतेने भाजत होते. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत घट असली तर चालतं, त्यावर गेली की कारण शोधायचंच.

बॅटरी उतरायचं प्रकरण वेगळं निघालं. त्यासाठी मायनसची केबल काढून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, केबल आणि बॅटरीच्या मध्ये लावायचा, दारं बंद, किल्ली बाहेर, आणि वीस मिनिटं थांबायचं. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.) ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. इथे ०.१९. फ्यूज एकेक काढत गेल्यावर एलईडी बारचा रिले काढताच आकडा ०.०३वर आला. बार तर बंद होते! उलगडा असा की त्यांचा स्विच पाणी जाऊन आतून चिकटला होता, म्हणून रिले कायम ओढलेला. बारचं सॉकेट मात्र गंजून तुटलं होतं, त्यामुळे उजेड कुठे दिसत नव्हता. कॉइलला घोट-घोट करंट रात्रंदिवस जात राहिला. सकाळी किल्ली काढलेली असताना रिलेला हात लावला तर कोमट लागतो, ही सोपी परीक्षा. मुळात या कॉइलचा करंट थेट बॅटरीवरून घ्यायलाच नको होता. पार्किंगच्या वायरवरून घेतला असता तर दिवे बंद केले की रिलेही सुटला असता. बार आम्ही काढूनच टाकले, ते लावून पासिंगला जाण्यात तसाही अर्थ नाही.

किट दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण नवं बनवायचं ठरलं. गावात सिरॅमिकचे होल्डर मिळाले नाहीत, आठवडाभर वाट पाहूनही प्लास्टिकचेच आले. शेवटी २९ जूनला पुण्यात नाना पेठेतून सगळं सामान एका फेरीत आणलं. दुकानदाराने एक वाक्य लाखाचं सांगितलं, ‘‘दादा, तांबं पाहिजे ना? मग वायर मीटरवर घ्या, किट घेऊ नका.’’

सामान आणि खर्च: १२ व्होल्ट, ४ पिनचे रिले दोन, २८० रुपये, त्यांचे बेस १२०, सिरॅमिक एच-४ होल्डर दोन, २२०, २.५ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर ८ मीटर, ३०४. कॉइलसाठी १ स्क्वेअर एमएमची ४ मीटर, ७२. झाकणाचे फ्यूज होल्डर दोन, १५०. लग, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), फ्लेक्झिबल पाइप, टाय आणि फ्यूज मिळून २६०. ६०/५५चे बल्ब जोडीने ५२०. एकूण १,९२६. क्रिंपिंग प्लायर ६५०ला वेगळा, पण तो कायमचा झाला. साध्या पक्कडीने दाबलेली लग ओढली की निघून येते.

जोडणीआधी एक गोष्ट खात्रीने तपासा: तुमच्या गाडीत खटका प्लस तोडतो की मायनस. काही जपानी घराण्याच्या गाड्यांत बल्बला प्लस कायम असतो आणि खटका अर्थ जोडतो. बल्ब काढा, दिवे लावा, मूळ होल्डरच्या तिन्ही पाती बॅटरीच्या मायनसशी मोजा. अप्पर-डिपर बदलल्यावर १२ व्होल्ट एका पातीवरून दुसरीवर सरकले तर प्लस तोडणारी. एकाच पातीवर १२ व्होल्ट ठाम राहिले तर अर्थ तोडणारी. तिथे रिलेच्या कॉइलचं एक टोक प्लसला आणि दुसरं खटक्याच्या वायरला द्यावं लागतं. बाजारातलं साधं किट अशा गाडीत चालत नाही आणि लोक किटवाल्याशी भांडत बसतात. आमची प्लसवाली होती.

डिपरला एक रिले, अप्परला एक. बॅटरीच्या प्लसवरून दोन वेगळ्या वायरी, प्रत्येकीत १५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. एकच सामाईक फ्यूज ठेवला तर तो उडाल्यावर घाटात दोन्ही दिवे एकदम जातात, म्हणून दोन. वायर रिलेच्या ३०ला, ८७वरून दोन्ही बल्बना. ८५ आणि ८६ कॉइलचे: एक मूळ होल्डरच्या डिपर किंवा अप्पर पातीला, दुसरा अर्थला. रिलेवर डायोडची खूण असेल तर ८५-८६ची दिशा पाळावी लागते, नसेल तर कसंही चालतं. पाच पिनचा रिले हाती आला तर मधल्या ८७-एला काही जोडायचं नाही, रिले सुटलेला असताना तिथे करंट असतो.

अर्थसाठी रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, लगखाली दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला आणि मग वरून व्हॅसलीन फासलं. उलटं करू नये, आधी व्हॅसलीन आणि मग लग असा प्रकार पाहिला आहे. डाव्या-उजव्या दोन्ही अर्थ पत्र्यावर कसून शिवाय एका २.५च्या वायरने बॅटरीच्या मायनसपर्यंत नेल्या. कॉइलची अर्थ वेगळ्या बोल्टवर.

सांध्यांवर डाख मारायचा मोह होतो. पिकअपच्या हादऱ्यांत वायर डाखाच्या कडेला तुटते, नीट दाबलेली लग जास्त टिकते. काळी टेप बॉनेटच्या उष्णतेत पाघळते आणि तिच्या चिकटात धूळ बसते, म्हणून गोंद असलेली हीट श्रिंक. रिलेची तोंडं खाली. वायर होल्डरमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन वर घेतली, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून तिथेच गळतं, होल्डरात उतरत नाही. वायरी रेडिएटरच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या बाजूने लांब ठेवा. नवीन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडतो आणि तिथेच काच तापून बल्ब लवकर जातो.

३ जुलैला दिवे लागले. तासभर चालू ठेवून प्रत्येक होल्डर, फ्यूज आणि रिले हाताने चाचपला. मग दिवे चालू ठेवून वायरी हलवल्या, पाइपने पाणी मारलं, पुन्हा मोजलं. प्लसकडे ०.१८, अर्थकडे ०.०६. ६०/५५चे बल्ब आधीच्या १००/९०पेक्षा उघडउघड जास्त उजेड देत होते.

एलईडी बल्ब का नाही टाकले, हे बरेच जण विचारतात. दिव्याच्या काचेवर एचसीआर असं कोरलेलं असतं: हॅलोजन, डिपर, अप्पर. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात चिप असलेला बल्ब घातला की भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, पण डिपरची वरची रेघ फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आयात केलेले अख्खे दिवे घेणार असाल तर तेही जपून. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डिपरचा झोत डावीकडे वर चढायला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीच्या दिव्यांत तो उजवीकडे चढतो.

झोत लावताना सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, लेव्हलर (झोत वर-खाली करणारं बटण) शून्यावर. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची भिंतीवर खडूने मारली आणि डिपरची आडवी रेघ तिच्याखाली १० सेंटिमीटर आणली. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि नाक वर उठतं, तेव्हा लेव्हलर फिरवून झोत खाली आणायचा. हे बटण बहुतेक पिकअपमध्ये असतं आणि कुणी वापरत नाही.

राहिलं पासिंग. परिवहनच्या पोर्टलवर फिटनेसचा अर्ज भरायचा, गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकून. ओटीपी येतो तो नोंदणीतल्या मोबाइलवर. सेकंड हँड गाडीत तो जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे गाडी नावावर करतानाच मोबाइल बदलून घ्या. आमचे सहा दिवस याच भानगडीत गेले. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्सची पावती, रिफ्लेक्टिव्ह टेप आणि स्पीड गव्हर्नरची प्रमाणपत्रं तयार ठेवा. इन्शुरन्सची तारीख उलटलेली असेल तर अर्जच पुढे सरकत नाही. फी ऑनलाइन भरली आणि २२ जुलैची वेळ मिळाली. तपासणीत अप्पर, डिपर, इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबरप्लेटचा दिवा हे सगळं पाहिलं. उजवा झोत किंचित वर निघाला, तो तिथेच स्क्रूने अर्धा आटा खाली घेतला, म्हणून एक लांब फिलिप्स स्क्रूड्रायव्हर सोबत असू द्या. नमुना ३८चं प्रमाणपत्र ऑनलाइनच आलं.

१० ऑगस्टला, माळशेजच्या पावसाचे तीन आठवडे अंगावर घेतल्यावर, पुन्हा मीटर लावला: प्लसकडे ०.१९, अर्थकडे ०.०७. गाडीच्या खणात आता १५ अँपिअरचे चार फ्यूज, एक रिले आणि एक ६०/५५चा बल्ब मूळ डबीत असतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वायरींचे रंग आणि रिलेचे नंबर असलेली आकृती चिकटवली आहे, पुढच्या वायरमनसाठी.